आठ दिवस पाव नको

नंदाखालचा बॅप्टिस्ट पाववाला संशय उशाला घेऊनच झोपायचा. फादर म्हणाले, आज प्रवचन छोटं आहे, की हा आधी घड्याळ बघणार. बायकोनं न मागता चहा पुढे केला, की विचारणार, "काय फोडलंस?" भट्टीतून निघालेल्या लादीचाही त्याला भरवसा नव्हता. चारी बाजूंनी दाबून, हुंगून मगच ती सायकलच्या टोपलीत जायची.

माणिकपूरला पाव विकायला स्टेशनाकडच्या बिल्डिंगी त्याच्या, आणि अंबाडी रोडच्या धाकट्या भावाच्या, सॅन्टनच्या. आईनं जाण्याआधी एकच पाव मोडून दोघांच्या हातात दिला आणि ही वाटणी केली. एकानं दुसऱ्याच्या लायनीत भोंगा वाजवायचा नाही.

तरी गेली दोन वर्षं उन्हाळ्याच्या तोंडाशी एक गोष्ट घडायची. त्याच्या लायनीतल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या रिबेकाबाई नागावकर गॅलरीतून सांगायच्या, "बॅप्टिस्टकाका, आठ दिवस पाव नको हां." घराला कुलूप नाही, कोणी आजारी नाही, दोरीवर धुणं वाळतंय, आणि पाव नको! बॅप्टिस्टला एकच अर्थ दिसायचा. दुसऱ्याचा पाव येतो.

दुसरा म्हणजे कोण, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. गेल्या ईस्टरला जेवताना सॅन्टननं मान खाली घालून विचारलं होतं, "दादा, तुजं अंबाडी रोडला येनं होतं का रे कधी?" ते बॅप्टिस्टनं मनात खोचून ठेवलं. चोराच्या मनात चांदणं!

१९९९ साली ईस्टरच्या आठवड्यातच बाईंनी पुन्हा 'नको' म्हटलं आणि हा घरी जाऊन फुटला.

"औंदा सॅन्टनला जेवायला बोलवायचा नाय. यापुढं कधीच नाय."

"सख्खा भाऊ तुमचा," बायको म्हणाली. "दुसरा हाय कोन तुमाला?"

"म्हनून तर!"

पण पुरावा हातात हवा. दुसऱ्या दिवशी तो नागावकरांचा जिना चढला. दार उघडलं ते बाईंच्या बालवाडीतल्या लेकीनं, लेयानं. यानं आधी नाक आत घातलं. वास होता तांदळाच्या भाकरीचा.

"काका, काय हुंगताय?"

"कोनाचा पाव येतो गं घरात?"

"ई! सणाला पाव नसतो. थांबा." ती आतून भलंमोठं चित्रांचं पुस्तक घेऊन आली. इस्रायलला गेलेल्या मावशीनं धाडलेलं, वर्षभराच्या सणांचं. अक्षरं परकी. प्रत्येक चित्राखाली रिबेकाबाईंनी मराठीत लिहून पट्टी चिकटवलेली.

"हे उलटं उघडतं," बॅप्टिस्ट डोळे बारीक करून म्हणाला.

"तुमचं उलटं उघडतं," लेया म्हणाली. झावळ्यांचा मांडव, दिव्यांची रांग अशी पानं तिनं भराभर मागे टाकली. "हे बघा."

चित्रात रात्र होती. बाप मेणबत्ती धरून पलंगाखाली वाकलेला, पोरं पक्ष्याच्या पिसानं पावाचा चुरा गोळा करतायत. पुढच्या चित्रात सकाळ, आणि तो चुरा आगीत.

"पाव जाळता?" बॅप्टिस्टचा हात कपाळाकडे गेला. "आमच्यात पडलेला तुकडा उचलून मुका घेतात, मग खातात!"

रिबेकाबाई पीठ झटकत बाहेर आल्या. "अहो, आम्हा ज्यूंचे पूर्वज मिसर देशातली गुलामी सोडून घाईत निघाले. पीठ फुगायलाही वेळ नव्हता. त्याची आठवण म्हणून आंबवलेलं काही घरात ठेवत नाही. आंबटाचं मडकं झाकायचा सण, असं आमची आजी म्हणायची."

"येवढी घाई, आनि आठ दिवस?"

"विश्वास नसेल तर माझ्या नणंदेला विचारा. एस्तेर. अंबाडी रोडला राहते. तिनंही पाव बंद केलाय. तिचा पाववाला तर तीन वर्षं तोंड फुगवून फिरतो म्हणे. ‘दुसरा कोण लावलाय?’ एवढंच विचारतो."

बॅप्टिस्ट पायरीवर उभाच राहिला. अंबाडी रोडचा पाववाला एकच होता. म्हणजे मान खाली घालून विचारणारा सॅन्टनसुद्धा तेव्हा थोरल्या भावावर डोळा ठेवून होता.

"बाय, हे पुस्तक ईस्टरपर्यंत दे मला."

लेयानं पुस्तक पोटाशी धरलं. "परत आणाल कशावरून?"

"लेया!" आई ओरडली.

"तुमचा भोंगा इथे ठेवा."

आणि बॅप्टिस्टनं खरंच भोंगा काढून दिला. चार दिवस तो "पाववाला ऽऽ" ओरडत फिरला.

ईस्टरला सॅन्टन आला. मटणाच्या ताटाशेजारी थोरल्यानं पुस्तक उघडून ठेवलं. सॅन्टननं बाप, मेणबत्ती, पीस सगळं निरखून पाहिलं. मग पान उलटवून मागची बाजू पाहिली.

"हे तू कुठून छापून आनलंस?"

"एस्तेरबाईला विचार जा!"

सॅन्टनचा घास हातातच राहिला. "एस्तेरबाई? दादा, मी तर समजत होतो..."

"मी पन तुज्याबद्दल तेच समजत होतो. जेव आता."

सोमवारी बॅप्टिस्ट पुस्तक घेऊन गेला. लेयानं भोंगा पाठीमागे लपवला आणि आधी एकेक पान तपासलं. मेणबत्तीच्या पानावर तिचं बोट थांबलं. शिवणीत पावाचा एक कण अडकला होता.

"काका! सण संपला नाही अजून!"

ती पीस आणायला आत पळणार, तेवढ्यात बॅप्टिस्टनं तो कण बोटाच्या टोकावर उचलला, त्याचा मुका घेतला आणि तोंडात टाकला.

लेयानं त्याला आ करायला लावला. आत नीट पाहिलं. मग भोंगा दिला.