वाळूवरची बाळंतीण

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी माहेरी मला नेहमी अर्धवट झोप लागते. पोटात पुरणपोळी आणि आमरस, अंगणात निंबाला बांधलेला झोका, आणि तापीच्या वाळूवरून येणारी गरम झुळूक. डोळे मिटले तरी झोका चालूच राहतो. कुठून तरी गाणं ऐकू येतं. ते अंगणातल्या पोरी म्हणतायत की मीच, हे कळत नाही. सासरी वर्षभर घड्याळाच्या काट्यावर नाचणारी मी, अमळनेरला एसटीतून उतरून गावच्या रिक्षात बसले की अशी विरघळते.

उन्हं कलायला लागली की सणाला माहेरपणाला आलेली गौराई नदीत सोडायला घेऊन जायचं. समोरच्या काठावर पलीकडच्या गावच्या बाया त्यांची गौराई घेऊन उभ्या असतात. मग दोन्ही काठांवरून एकमेकींना शिव्या आणि दगड. नवख्या माणसाला धक्का बसतो, पण ही आमची रीत आहे. राग कुणाचा कुणावर नसतो. निम्म्या पोरी तर इकडून तिकडे दिलेल्या. सासू, नणंद, नवरा यांच्यासाठी वर्षभर पोटात ठेवलेलं त्या दिवशी नदीवर मोकळं करायचं, एवढंच. माझी काकू या विद्येत गावाचं भूषण. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पलीकडच्या बायाही शिव्या द्यायच्या थांबून ऐकतात.

पूर्वी आमचे दगड पाण्यात पडायचे. आता उन्हाळ्यात नदी मधोमध वाळूचं बेट उघडं टाकते, आणि त्या बेटावर पाखरं अंडी घालतात. काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी. पुस्तकात त्यांना नदीसुरय म्हणतात. काकू म्हणते ‘बायतीन’, म्हणजे बाळंतीण. लेकी माहेरी बाळंतपणाला येतात तशी ही आपल्या वाळूवर येते, असं तिचं साधं गणित.

पण आमच्या शिव्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले आणि शहरातून गाड्या यायला लागल्या. लोक गुडघाभर पाणी तुडवून बेटावर जातात, स्पीकर लावतात, बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तिथेच टाकतात. आम्ही नदीत काय विसर्जन करतो आणि हे काय करतात! गेल्या आखाजीला सगळी अंडी पायाखाली गेली. यंदा एकच जोडपं आलं. त्यांचं घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, आणि त्यात मातकट ठिपक्यांची अंडी.

“ही गयी तं मंग कोनीच येवाव नही,” काकू मला म्हणाली. भांडताना गाव हलवणारी बाई, पण हे बोलताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

यंदा दगड मारायचे नाहीत असं तिने पलीकडच्या गावाला कळवलं. तिकडूनही होकार आला. राहिली गर्दी. त्यावर काकूने सणाच्या सकाळी स्वतःच तोड काढली. बेटावर जाऊन खळग्याशेजारी एक दगड उभा केला आणि त्याला शेंदूर फासला. देवाला कोण तुडवतो? मलाही ते पटलं.

ऊन जरा कललं तशा आम्ही गाणी म्हणत नदीवर पोचलो आणि गाणं मध्येच थांबलं. बेटावर रांग लागली होती. नारळ फुटत होते, उदबत्त्या धुपत होत्या, कुणीतरी भगवं निशाण रोवलं होतं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती! काकूचा अंदाज चुकला नव्हता, खळग्यावर कुणी पाय दिला नव्हता. लोक चपला काढून, हात जोडून, त्याच्या भोवती दाटीने उभे होते. आणि वर ती पाखरीण किंचाळत घिरट्या घालत होती. तिला उतरायला जागा नव्हती.

ती पोट पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांवर सावली धरते. वैशाखातल्या त्या वाळूत पाय ठेववत नाही. सावलीशिवाय अंडी उकडून निघणार.

“मीच देव बसाडा व माय,” काकू म्हणाली. तिने गौराई माझ्या हातात दिली आणि पाण्यात उतरली.

तिने शिव्या सुरू केल्या, पण यंदा तोंड बेटाकडे. लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी मोबाइल वर धरले. “वा काकू! अजून होऊ द्या!” कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. मला भयंकर संताप आला. काकूचा आवाज फाटला, मग बसला. तिला एवढं एकटं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून एक खणखणीत शिवी आली. काकूची तिकडची जुनी जोडीदारीण, जन्मभर तिच्याशी भांडलेली. तिचा हात आमच्याकडे नव्हता, बेटाकडे होता. मग तिच्या मागच्या सगळ्या बाया, मग आम्ही सगळ्या. शिव्यांमध्ये हसणारी शिवी असते आणि न हसणारीही असते, हे बेटावरच्या लोकांना लवकरच कळलं. मोबाइल खाली आले. चपला हातात घेऊन माणसं निघाली, निशाणही गेलं.

पाखरीण तरीही उतरेना. काकूने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, काठावर आली आणि ओल्या लुगड्यानिशी वाळूत बसली. समोरच्याही बसल्या. दोन गावांच्या बाया, मांडीवर गौराई, आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. पाण्यावर ऊन हलत होतं. मी जागी आहे की अजून झोक्यावर, मला सांगता आलं नसतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग पाखरीण खाली आली, पाण्याला पोट लावून उडाली आणि खळग्यावर पंख पसरून उभी राहिली.

काकू रडत होती, आणि पुटपुटत होती, “कोठे उलथेल व्हती, भवाने? तुले कायजी शे का नही?”

आता गौराई सोडायला पाण्यात उतरायचं, तर पाखरीण पुन्हा उडणार. कुणीच उठलं नाही. सूर्य टेकला तेव्हा पलीकडच्या बायांनी त्यांची गौराई उचलली आणि आवाज न करता गावाकडे चालू लागल्या. गौराई नदीवरून घरी परत आणलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती. मी मांडीवरची आमची गौराई उचलून काकूकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ दे तिलेबी माहेरे,” ती म्हणाली. “पिल्लं निंघतीन तवलोंग.”