गुरुजींच्या नावाची सायकल

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. गुरुजींच्या व्यायामाच्या सायकलवर शेवटच्या अडीच महिन्यांत जे किलोमीटर पडले, त्यातले निम्म्याहून जास्त मी चालवलेले होते, आणि शेवटी शेवटी तर सगळेच. गुरुजी शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचत असत.

आमचे गुरुजी हजेरी घेत. यात नवल काय, सगळेच गुरुजी घेतात, असं तुम्ही म्हणाल. पण आमचे गुरुजी निवृत्त झाल्यावरही घेत. सकाळी औषधाचा डबा उघडून ते एकेका गोळीचं नाव पुकारत आणि तिच्या वतीने स्वतःच "हजर" म्हणून ती गिळत. भाजीची पिशवी ओट्यावर रिकामी करताना म्हणत, "मेथी हजर, वांगी हजर. कोथिंबीर गैरहजर. खुलासा पाहिजे." खुलासा मी द्यायचा, कारण भाजी मी आणलेली असे.

मी त्यांचा गावाकडचा विद्यार्थी. भूकंपाच्या वर्षी आठवीत होतो. त्या पहाटेनंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी गुरुजींनी मिलिटरीच्या तंबूपाशी आम्हा पोरांना ओळीत बसवलं आणि हजेरीबुक उघडलं. ते त्यांनी पडलेल्या शाळेतून स्वतः जाऊन काढलं होतं. पुठ्ठ्यावर माती तशीच होती. एकेक नाव पुकारायचे, थांबायचे, पुढे जायचे. दत्ताचं नाव आलं. दत्ता माझ्या बाकावर बसायचा. तो नव्हता हे मला माहीत होतं, त्याला नेताना मी पाहिलं होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "हजर, गुरुजी."

एरवी दुसऱ्याची हजेरी दिली की गुरुजींची छडी ठरलेली. त्या दिवशी ते उठून माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "ज्याची हजेरी त्यानंच द्यायची, शिवा." दत्ताच्या नावापुढचा चौकोन त्यांनी कोरा ठेवला. फुली मारली नाही.

पुढे त्यांनीच मला लातूरला आणलं, शाळेत घातलं, कॉलेजात घातलं. मी फिजिक्सचा मास्तर झालो आणि लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा त्यातल्याच एका क्लासमध्ये चिकटलो. गुरुजींच्या गल्लीत बघता बघता प्रत्येक घरावर मजला चढला, प्रत्येक मजल्यावर पोरं भरली, खाली मेस निघाली आणि चौकात हसऱ्या पोरांचे फोटो आणि मार्क लागले. "या गल्लीत माणसं कमी अन् टक्केवारी जास्त झाली," गुरुजी म्हणत. आमच्या क्लासला अंगठ्याची हजेरी आहे हे कळल्यावर त्यांनी माझाच अंगठा धरून उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "अंगठा आला म्हणून पोरगं आलं, असं कुठाय?"

स्वतः गुरुजींच्या घराला मजला नव्हता. स्लॅब होता, तो मुलीच्या हट्टापायी. पण भूकंपानंतर ते स्लॅबखाली कधी झोपले नाहीत. अंगणात पत्र्याची एक खोली काढून घेतली होती. उन्हाळ्यात तिथे माणूस भाजून निघे. तरी पाहुण्यांना ते खोली दाखवायचे ती अशी, जणू लातूरच्या उन्हाळ्यानेच ती भेट दिली आहे. "डोक्यावर पडला तर पत्रा पडंल. खोक पडंल फार तर."

त्याच खोलीत ती सायकल आली. पाठवली सुनंदाताईंनी, म्हणजे गुरुजींच्या एकुलत्या एक मुलीने. त्या नांदेडला कॉलेजात शिकवतात. गुरुजींच्या छातीत एकदा कळ येऊन गेली होती, डॉक्टरांनी रोज हलका व्यायाम सांगितला होता आणि गल्लीत पोरांच्या गाड्यांमुळे फिरायची सोय उरली नव्हती. सायकल जागच्या जागी चालणारी, हँडलवर छोटा कॉम्प्युटर, त्यात बारा प्रोग्राम. ताईंनी फोनवर मला सगळं समजावलं. "शिवा, रोज पाच किलोमीटर लावून द्यायचे. संपले की स्क्रीनचा फोटो काढून मला टाकायचा. मी डॉक्टरांना दाखवत जाईन. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत ते."

कॉम्प्युटरने आधी नाव, मग वय विचारलं. गुरुजी विचारात पडले. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख एक जून आहे, आणि ती गुरुजींनीच शाळेत नाव घालताना ठरवलेली आहे. त्यांची स्वतःची त्यांच्या गुरुजींनी ठरवली होती.

"कागदावरचं टाकू का खरं?" मी विचारलं.

"दोन्हीत चार वर्षांचा फरक हाय. मी नोकरी कागदावर केली, पेन्शन कागदावर घेतो. टाक कागदावरचं. ह्या मशीनला कशाला येगळं सांगायचं?"

अशा रीतीने गुरुजी चार वर्षांनी लहान होऊन सायकलवर चढले.

प्रोग्राम लावला की स्क्रीनवर ठिपक्यांच्या टेकड्या उमटत आणि टेकडी आली की पॅडल आपोआप जड होई. पहिल्या दिवशी पॅडल जड झालं तसे गुरुजी वाकून सायकलच्या पोटात बघायला लागले. "आत कोण बसलंय रे ब्रेक दाबायला?" मी चुंबकाचं तत्त्व सांगितलं. त्यांनी ते आठवीच्या पोराचं उत्तर ऐकावं तसं ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर. अर्धा मार्क."

चौथा प्रोग्राम त्यांना फार आवडला. आधी सपाट, मग उतार, लगेच चढ, पुन्हा सपाट. "अरे, हा तर आपल्या गावचा रस्ता! हा ओढा, ही त्याच्या पुढची चढण." तरुणपणी ते याच रस्त्याने सायकलवर शाळेत यायचे. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात आलं की ही सायकल चालवत गावी जायचं. लातूरहून औशावरून आमचं गाव चाळीसेक किलोमीटर, आणि गावाकडे वळायचा फाटा त्याच्या थोडा अलीकडे. गाव म्हणजे जुनं गाव, जिथे आता बाभळी आहेत. नवं गाव सरकारने दुसरीकडे वसवलं. जुन्या जागी गुरुजी भूकंपानंतर परत गेले नव्हते.

रोज सकाळी मी सहाला जायचो, प्रोग्राम लावून द्यायचो आणि गुरुजी निघायचे. "चला, आज औशापर्यंत." वाटेतली गावं, वडाची झाडं, कुठल्या वळणावर साखळी पडली होती, सगळं सांगत. पहिल्या दिवशी पाच किलोमीटरला अर्धा तास लागला. मग चाळीस मिनिटं. मग पाऊण तास. माझी सातची बॅच असायची. मी खुर्चीत बसून घड्याळ बघायचो. ते दिवसेंदिवस हळू होत चालले होते आणि मला वाटायचं, गोष्टी सांगण्याच्या नादात पाय थांबतात. हेही कबूल करतो की मी मनात चरफडत असे.

आठव्या दिवशी ते मध्येच थांबले. कपाळावर घाम, एक हात छातीवर. मला म्हणाले, "फाटा आला, शिवा. म्होरं नको आता."

आम्हा भूकंपातल्या माणसांची एक खोड आहे. आमच्याकडे कुणाला झोप येत नसेल, कुणाचे हात थरथरत असतील, कुणी जेवता जेवता उठून बाहेर जात असेल, तर आम्ही कारण शोधत नाही. कारण आमच्याकडे तयार असतं. मी गुरुजींच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि मला जुनं गाव दिसलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. फिजिक्सच्या मास्तराला एवढं कळायला हवं होतं की चढावर पॅडल जड झाल्यावर सत्तरीतल्या माणसाला घाम येण्याचं साधं कारणही असू शकतं.

सात वाजायला आले होते. फोटो पाठवायचा होता. "तुम्ही बसा गुरुजी, उरलेलं मी करतो," म्हणून मी चढलो आणि चार मिनिटांत आकडा पुरा केला. ताईंचं लगेच उत्तर आलं, "वा! आज लवकर झालं!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी सायकलकडे न बघता पेपर उचलला. "फाट्यापासून म्होरं तूच जा." मी बारा मिनिटांत पाच किलोमीटर मारले आणि गाव ओलांडलं. पेपराआडून आवाज आला, "पोचलास का?"

"पोचलो."

"कोण कोण हाय तिथं?"

मी घाईत होतो. हसून म्हणालो, "सगळे हजर हायत, गुरुजी."

पेपर खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "तुझी जुनी सवय काय गेली न्हाई," म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले.

तिथून पुढे तसंच रुळलं. मधूनच ते एखादा किलोमीटर चालवून बघत, उतरत, म्हणत, "आज न्हाई." शेवटी शेवटी तेही बंद झालं. मी दोन्ही मुठी हँडलवरच्या धातूच्या पट्ट्यांवर ठेवायचो, स्क्रीनवर माझी नाडी उमटायची आणि ती गुरुजींची म्हणून नांदेडला जायची. मला स्वतःला त्याचा फायदा झाला, हे लिहिताना लाज वाटते. माझं पोट उतरलं. क्लासमधली पोरं म्हणायला लागली, "सर, काय करायलात हल्ली?"

सुनंदाताई दर दोन दिवसांनी फोन करायच्या. "बाबा खरंच चालवायलेत ना रे?"

"आकडा बघा ना ताई, खोटं बोलतो का आकडा?"

मी हे बोललो आहे, याच शब्दांत.

दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे तपासणी होती. ताई सुट्टी काढून आल्या. त्यांनी फोनमधले सगळे फोटो डॉक्टरांपुढे धरले. डॉक्टर खूश झाले. "या वयात रोज पाच किलोमीटर, नाडी एवढी छान! छाती भरून येते का चालवताना? दम लागतो?"

प्रश्न गुरुजींना होता. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. आता मला वाटतं, ते वाट बघत होते. त्यांनी आयुष्यभर पोरांना अशी संधी दिली होती, नाव पुकारून, थांबून. मी म्हणालो, "नाही डॉक्टरसाहेब. अगदी आरामात करतात."

"मग हृदयाच्या नळ्यांची तपासणी सध्या राहू दे," डॉक्टर म्हणाले. "चाललंय ते चालू ठेवा."

ताईंनी बाहेर येऊन पेढे घेतले. मला दोन दिले.

रिक्षात गुरुजी म्हणाले, "शिवा, छातीवर कधी कधी जड वाटतं रे."

मी म्हणालो, "गावाची आठवण येत असेल, गुरुजी."

ते बाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "आसंल. तसंबी आसंल."

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी सहाला मी पत्र्याच्या खोलीचं दार लोटलं तेव्हा ते खुर्चीत बसले होते, चष्मा लावलेला, पेपर पायाशी पडलेला. सायकल शेजारी होती. गोळ्यांचा डबा उघडा होता, म्हणजे हजेरी सुरू झाली होती. पुरी झाली नव्हती.

माणसं जमली. गल्लीतली, नव्या गावातली, त्यांनी एक जूनला जन्माला घातलेली. मेसवाले मामा मला म्हणाले, "सायकलनं काय हुतंय सर? गुरुजी रोज पाच किलोमीटर मारायचे की. तरी गेलेच." त्यांनी आणि त्यांच्या भावाने दुसऱ्या दिवसापासून सकाळचं फिरणं बंद केलं. मी त्यांनाही काही बोललो नाही.

तेराव्यानंतर सुनंदाताईंनी सायकल माझ्या घरी पाठवली. वर चिठ्ठी: "शेवटचे दिवस त्यांनी व्यायामात, समाधानात काढले, ते फक्त तुझ्यामुळे. यावर तुझाच हक्क." चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आहे. सायकल गॅलरीत आहे. बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालते आणि विचारते, "एवढी फुकट मिळाली, चालवत का नाही?" कॉम्प्युटर चालू केला की पहिलं नाव अजून गुरुजींचंच येतं, चार वर्षांनी लहान असलेल्या गुरुजींचं. ते मी पुसलेलं नाही.

वेळेवर तपासणी झाली असती तर ते वाचले असते की नाही, मला माहीत नाही. कदाचित नसते. या कदाचितवर मी बरीच वर्षं काढली. पण डॉक्टरांनी प्रश्न त्यांना विचारला होता आणि उत्तर मी दिलं, यात कदाचित कुठेच नाही.

सुनंदाताई अजून नांदेडला आहेत. दर वर्षी गुरुजींच्या तिथीला मला फोन करतात, आभार मानतात, आणि मी ते घेतो. ते फोटो माझ्या पायांचे होते, ती नाडी माझी होती आणि त्यांच्या वडिलांना छातीवर जड वाटत होतं, एवढं त्यांना माझ्या तोंडाने सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.