मामांच्या सूत्रातून सुटलेला हात

आमच्या हिच्या मामांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या डिलाईल रोडवर दुसरा नाही, आणि नसावाच. हा एकच घराला पुरून उरलाय. गणपतीत प्रसाद वाटताना फुटके मोदक घरच्यांच्या वाट्याला. माझ्या लग्नात वाढायला हेच! "जावईबापू, तुम्ही आपले. थांबा जरा," म्हणत पंगतभर फिरले आणि मला गार भात मिळाला. पंच म्हणून उभे राहिले, की सख्ख्या मेहुण्याला आधी बाद करायचे. देवमाणूस खरा, पण अशा देवाच्या शेजारी राहू नये.

तरुणपणी मामा मंडळाकडून कबड्डी खेळायचे, पुढे विमा कचेरीत आकडेमोड करून निवृत्त झाले. त्यामुळे एका व्यावसायिक संघाने खेळाडूंच्या अदलाबदलीसाठी, म्हणजे कोणाला देऊन कोणाला घ्यायचं हे ठरवायला, सूत्र मागितलं ते त्यांच्याकडेच. त्याच संघात त्यांचा एकुलता एक मुलगा होता. मामा पूजेला बसावं तसे बसले. वय, दुखापती, चढाया, पकडी, सगळं मांडलं.

कबड्डीत बचाव करणारे हात धरून साखळी करतात. कोपऱ्यातला झेपावून पाय पकडतो, गुण त्याच्या नावावर लागतो. शेजारचा त्याला हाताने तोलून धरतो, त्याचं नाव कुठेच येत नाही. मामांचा मुलगा हा शेजारचा. लहानपणी चाळीच्या गॅलरीत मामांनीच त्याला हात धरायला शिकवलं होतं.

"मामा, त्या हाताला सूत्रात काहीच नाही?" मी विचारलं.

"ठेवलं तर लोक म्हणतील, पोरासाठी ठेवलं."

झालं! सूत्राने पहिलं नाव काढलं ते मुलाचंच. संघाने त्याला दूरच्या शहरातल्या संघाला देऊन टाकलं. मामींनी कपाळावर हात मारला. "अहो, स्वतःच्या पोराक कोण असो देऊन टाकता?" पोरगा पाया पडला आणि एवढंच म्हणाला, "बाबा, सूत्र बरोबर आहे ना?"

"आकडेमोड बरोबर आहे," मामा म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढे इथल्या कोपऱ्यातल्याच्या पकडी सुटायला लागल्या. मामांनी गुपचूप सूत्रात तो शेजारचा हातही घातला, पण दिलेला पोरगा त्याने थोडाच परत येतो? मला त्यांचा राग येतो आणि जीवही तुटतो.

परवा टीव्हीवर त्याची मॅच होती. परक्या रंगाची जर्सी घालून तो परक्याचा हात धरून उभा होता. चढाई सुरू झाली आणि सोफ्यावर बसलेल्या मामांचा डावा हात आपोआप बाजूला आला, तळवा उघडा. मी तो धरला. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण मॅच संपेपर्यंत हात सोडला नाही.