माणसे उतरवून केलेले वजन

खाणीच्या फाटकाशी असलेल्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मालकापुढेही वाकवला नव्हता. गाडी काट्यावर चढली की चालकासकट झाडून सगळ्यांनी खाली उतरायचे. नोंद दगडाची व्हायची, माणसांची नव्हे.

त्या एकतीस वर्षांची धूळ मात्र त्यांच्या बायकोच्या छातीत जाऊन बसली होती. खाणीला लागून घर. खिडक्या कितीही घट्ट लावल्या तरी संध्याकाळी ताटांवर पांढरा थर. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. सहा महिने घाटापलीकडच्या स्वच्छ हवेत काढा, नाहीतर पुढच्या वर्षीची खात्री मी देत नाही, असे ते म्हणाले. तिकडे भाड्याने खोली मिळेना. तिचे श्वासाचे यंत्र रात्रभर घरघरते, हे कळताच घरमालक हात जोडत. अखेर काटेवाल्यांनी जुन्या पिकअपच्या हौद्यात बसेल असा कॅम्पर, म्हणजे पलंग आणि शेगडी असलेली लहानशी बंद खोलीच, घ्यायचे ठरवले.

विक्रेत्याकडे दोन कॅम्पर होते. एक हलका, मुक्कामाला पोचल्यावर कापडी छप्पर वर उचलायचे असा. दुसरा पक्क्या भिंतींचा, अडीचशे किलोंनी जड. पण त्यात न्हाणीघर होते. दहा पावलांत दम लागणाऱ्या बाईला न्हाणीघर हवेच, असे काटेवाल्यांनी मनाशी पक्के केले होते. त्यांनी कागदावर मांडणी केली : कॅम्पर, पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, यंत्र, सामान. भरलेली गाडी दोन हजार तीनशे पंच्याहत्तर किलो. गाडीला एकूण वजनाची परवानगी दोन हजार तीनशे नव्वद.

"पंधरा किलो शिल्लक!" ते म्हणाले.

"बारा वाजेपर्यंत काय ते सांगा," विक्रेता म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलंय. नंतर मला बोल लावू नका."

कागदावर भिस्त ठेवणे काटेवाल्यांच्या रक्तात नव्हते. जड कॅम्पर चढवून, पाणी भरून त्यांनी पिकअप थेट आपल्या जुन्या काट्यावर आणली. सव्वाअकरा झाले होते. त्यांच्या जागी आलेली बाई काट्याच्या खोलीच्या खिडकीतून डोकावली.

"या काका! नियम तुमचाच आहे, मी काय सांगणार? उतरा सगळे."

ते उतरले. विक्रेता उतरला. बायको बसूनच राहिली.

"अगं, उतर."

"नाही उतरवत. दम लागलाय."

"एक मिनिटाचं काम आहे."

"मग एक मिनिट थांबा."

खिडकीवरचा आकडा थरथरला आणि स्थिरावला : दोन हजार चारशे तेहेतीस.

"उतर म्हणतो ना! आकडा चुकतोय तुझ्यामुळे."

तिने दोन श्वास घेतले. बोलण्यासाठी तिला आधी तेवढे जमवावे लागत. "उतरते. पण मग घाटात काय करू? गाडीमागून चालत येऊ?"

विक्रेत्याला हसू फुटले. काटेवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ते त्याने गिळले.

अकरा वर्षांपूर्वी याच काट्यावरून एक ट्रक सुटला होता. पावती बिनचूक होती. वजन झाल्यावर सात मजूर पुन्हा दगडांवर चढून बसले होते. पहिल्याच उतारावर ब्रेक जळाले. दोघे गेले. चौकशीत काटेवाल्यांवर ठपका आला नाही. त्यांनी नियम पाळला होता, आणि या निष्कर्षाचा आधार घेऊन ते इतकी वर्षे शांत झोपले होते. आज तीच पावती ते बायकोच्या नावाने फाडायला निघाले होते.

ते चालकाच्या जागेवर चढून बसले. आकडा पुन्हा हलला.

"दोन हजार पाचशे पाच," खिडकीतल्या बाईने हलक्या आवाजात वाचले. "काका, हे..."

"बरोबर आहे ते. तसंच लिही."

विक्रेता गाडीच्या खिडकीशी आला. "अहो, शे-सव्वाशे किलोंनी काय आभाळ कोसळतं? सगळे असेच नेतात."

"सगळे नेत असतील. न्हाणीघर राहू दे तुझ्याकडे. हलका दे."

"आणि वहिनींना बाहेर जावं लागलं तर?"

न्हाणीघर सोडले तर तिला रोज यातना होणार, हेही तितकेच खरे होते. त्यांनी बायकोकडे पाहिले. या सौद्यात तिला अजून कुणी काही विचारलेच नव्हते.

"तू सांग," ते म्हणाले.

"न्हाणीघर हवं होतं मला," ती म्हणाली आणि थांबली. "पण उतारावर डोळे मिटून बसायचं असेल, तर नको. दम खात जाईन. तुम्ही बादली धरा."

"धरीन."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

बारा वाजायला दहा मिनिटे असताना जड कॅम्पर खाली उतरला. हलका चढवून काटेवाल्यांनी गाडी पुन्हा काट्यावर आणली. बायको उतरायला दरवाजाच्या कडीला हात घालू लागली, तेव्हा त्यांनी तो हात धरून ठेवला.