मागच्या चाकाची करकर

सकाळी ह्यांनी नवी रेसिंग सायकल अंगणात उलटी करून ठेवली. वर बसलं की मागचं चाक करकरतं, हातानं फिरवलं की गप्प. तेलाचा वास चुलीपर्यंत आला आणि मला अणदूरचे सायकलवाले मेहबूबचाचा आठवले.

आमचं लग्न नवं होतं. हे मला कॅरिअरवर बसवून शेतात न्यायचे, आणि मी बसले की मागचं चाक असंच करकरायचं. माझ्याच वजनानं, असं मी धरून चालले. आठवडाभर एक भाकरी कमी खाल्ली, चढ आला की उतरून चालले. शेवटी सायकल चाचांकडं नेली. स्टँडवर चाक मुकाट फिरलं.

"भाभी, जरा बसा की," चाचा म्हणाले.

चार माणसांसमोर मी पदर ओढून बसले. हे सायकल ढकलू लागले, चाचा चाकाला कान देत वाकून सोबत चालले. मग त्यांनी एकेक तार दाबून बघितली. माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "तुमच्यामुळं न्हाय भाभी, दोन तारा ढिल्या हायत."

तेव्हा मी नुसती लाजले. आज वाटतं, किती जपून बोलले ते!

दुपारी ह्यांनी दुसरी भाकरी नको म्हटलं. वजन वाढलंय म्हणे, म्हणून सायकल करकरते. मग मी सगळं सांगितलं, माझ्या भाकरीसकट.

"म्हणून चढावर उतरायचीस व्हय? मला वाटायचं, माझी दमछाक तुला बघवत न्हाय."

इतकी वर्षं ह्यांनी ते मनात जपलं होतं.

"तेबी होतंच की," म्हणत मी भाकरी वाढली.