दुसरी भेट

१२ एप्रिल १९८७. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा दाभणानं शिवत बसले होते. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मी चौथीनंतर शाळा सोडलेल्या मुलींचा अभ्यास घेतला होता. जिंतूरच्या शाळेतली नोकरी सांभाळून चाळीस मुलींच्या घरी स्वतः गेले होते. काम संपलं असं वाटत होतं.

संध्याकाळी गठ्ठा परभणीला मार्गदर्शक सरांकडे नेला. त्यांनी चाळून विचारलं, "बाई, दुसरी भेट?"

नियमांच्या कागदात ते होतं. सहा महिन्यांनी प्रत्येक मुलीला पुन्हा भेटावं. उत्तरं अपुरी राहिली तरच जायचं, असा मी अर्थ लावला होता. माझी सगळी उत्तरं पूर्ण होती, म्हणून गेले नाही. वर्ष उलटलं होतं.

शाळेला सुट्टी लागल्यावर पुन्हा फिरले. झरी गाव शेवटी ठेवलं. तिथली मुलगी लक्षात राहिली होती. 'पुन्हा शाळेत जाशील का?' या प्रश्नाला बाकीच्या मुली आईकडे बघायच्या. हिनं विचारलं होतं, "उद्या का?"

आई दारात ज्वारी पाखडत होती. धाकट्या मुलीच्या कडेवर तान्हं बाळ.

"कागुद घेऊन आल्या वाटतं, बाई."

"थोरली कुठं आहे?"

"मागल्या उन्हाळ्यात लगीन केलं. औंदा बाळंतपणाला आली अन् त्यातच गेली. हे तिचंच." सूप हलतच होतं. "पंचमीला आलती तवा लय वाट बघितली तुमची. बाई पुन्हा येनार हायेत म्हणायची."

नागपंचमी म्हणजे संक्रांतीच्या माझ्या पहिल्या भेटीनंतरचा सातवा महिना.

"हिलाही चौथीनंतर शाळेतून काढलं?"

"मग ह्याला कोण धरंल? मी रोजानं जाती."

सरांना सांगितलं. त्यांनी नियमांचा कागद काढून पाहिला. मग म्हणाले, "न भेटण्याचं कारण 'इतर' लिहा. त्याच गावची दुसरी मुलगी घ्या. चाळीस पाहिजेत."

नियम तसाच होता. घरी येऊन दोरा उसवला आणि तिची प्रश्नावली बाजूला काढली. तिचं लग्न मी मोडू शकले असते असं नाही. ते तर पंचमीच्या आधीच झालं होतं. पण ती वाट बघत होती आणि मला जाता येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं झरीला गेले आणि धाकटीची प्रश्नावली भरून घेतली.