ओल्या सारवणातलं इंग्रजी

भोरच्या शाळेत मी इंग्रजी दुसरीत असताना मास्तरांनी 'लुक' शिकवला. लुक म्हणजे बघणे. तेवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे. बारा गावचं पाणी प्यालेलं क्रियापद! मला त्याचा भारी राग यायचा.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मात्र ते फार आवडलं. तिला वेल्ह्याकडच्या गावात दिलेली. लग्नाआधी माझ्याच पाटीवर ती एबीसीडी गिरवून गेली होती. सासरी पाटी कुठली! आमची बांगडीवाली चाची पंधरवड्याला तिकडे जाई. तिच्या हाती मी चिठ्ठी द्यायचे. एका वेळी लुकचं एकच रूप, अर्थासकट. आक्का ते ओल्या सारवणात बोटानं लिहायची. सासूला वाटे, सून नक्षी काढते. शेजारणीही तीच नक्षी उचलू लागल्या, असं चाची हसून सांगायची.

त्या दिवाळीला आक्का आली नाही. तिच्या वाटणीच्या करंज्या मी डब्यात तशाच ठेवल्या होत्या. रागाच्या भरात पुढची चिठ्ठी फाडून टाकली. यायचं नाही, तर शिकायचं तरी कशाला?

"पोरी, आक्का इचारती, चिट्टी न्हाई का?" चाचीनं कितीदा तरी विचारलं. मी तोंड फिरवलं, तिकडची खबरही ऐकून घेतली नाही.

चैत्रात वडिलांबरोबर आक्काकडे गेले. दिवाळीपासून सासू अंथरुणाला खिळलेली. आक्काच तिचं सगळं करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या ओट्यावर वाकडंतिकडं 'लुक आफ्टर' होतं. आक्काच्या ओट्यावर नुसती सारवणाची साधी वळणं.

"आक्का, एक राहिलंय," मी म्हटलं. "लुक फॉरवर्ड टू. म्हणजे आतुरतेनं वाट बघणे."

"व्हय? चाचीची हाक आली की म्या पिठाच्या हातानं दारात पळायची. त्याला इंग्रजीत काय म्हनत्यात ते ठावं नव्हतं."

"आणि आता?"

"आता न्हाई पळत," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

त्यानंतर मी एकही पंधरवडा चुकवला नाही. चाची परतली की मीच दारात धावायचे. "चाची, आक्का आज पळत आली का हो?"

चाची टोपली उतरवता उतरवता म्हणायची, "चिट्टी दिली, बाळ."